'प्रवाह नाही' लिहिण्याआधी वॉल फिल्टर बघा

सोनोग्राफीत रक्ताचा वेग दाखवणाऱ्या पल्स्ड डॉप्लरचा आलेख स्क्रीनवर उमटू लागला की नव्या माणसाची नजर लाटेच्या शेंड्याकडे जाते. तुम्ही आधी तळाकडे बघायची सवय लावून घ्या. बेसलाइनला, म्हणजे शून्य वेगाच्या रेषेला लागून, वर आणि खाली, सारख्याच रुंदीची एक काळी पट्टी दिसेल. कधी केसासारखी बारीक, कधी चांगली ठसठशीत. तेवढी जागा मशीनने पुसलेली असते, आणि किती पुसायची ते वॉल फिल्टर नावाचं बटण ठरवतं.

सांगली-मिरजेत सोनोग्राफी शिकायला येणारे डॉक्टर गेन (प्रतिध्वनी किती वाढवायचा), स्केल (आलेखात किती वेग मावेल), अँगल (ध्वनीचा किरण आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन) हे सगळं थोड्या दिवसांत हाताखाली घालतात. वॉल फिल्टरला मात्र बरेच जण हातच लावत नाहीत. प्रीसेटमध्ये, म्हणजे त्या तपासणीसाठी मशीनमध्ये आधीच साठवलेल्या सेटिंगमध्ये, जे आलं त्यावर काम सुरू. या एका बटणामुळे चालू असलेला प्रवाह बंद दिसू शकतो, आणि तेवढ्या रिपोर्टवर जत-आटपाडीकडची एखादी गरोदर बाई रातोरात मिरजेला हलवली जाते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

फिल्टर काय फेकतो

प्रोबमधून निघालेला ध्वनी रक्तावर आपटून परत येतो, तसाच रक्तवाहिनीच्या भिंतीवरूनही येतो. भिंतीचा प्रतिध्वनी रक्ताच्या प्रतिध्वनीपेक्षा साधारण ४० ते ६० डेसिबलने मोठा असतो, म्हणजे शंभर ते हजार पट उंच. पण भिंत हलते सावकाश, त्यामुळे तिच्यामुळे होणारा फ्रिक्वेन्सीतला फरक लहान असतो. मशीनचा आवाज सुरू ठेवलात तर रक्ताची सळसळ वेगळी आणि भिंतीचं धप, धप वेगळं ऐकू येतं. आमच्याकडच्या आज्या तो आवाज ऐकून हमखास विचारतात, "ते काय वाजतंय वं बाई?" प्रश्न अगदी नेमका असतो. काय वाजतंय, हे ओळखणं हेच आपलं काम.

वॉल फिल्टर ठरलेल्या हर्ट्झच्या खालचं सगळं अडवतो आणि वरचं जाऊ देतो. त्याला एवढंच येतं. खालचं जे आलं ते भिंतीचं की संथ वाहणाऱ्या रक्ताचं, हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळावं लागतं.

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या दुकानात कधी गेलात तर खर्जाची तार कान देऊन ऐका. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा असतो. म्हणजे १०० हर्ट्झचा फिल्टर लावला तर खर्जाचा मूळ स्वर गाळला जाईल. तंबोऱ्याचं एक बरं असतं, की जवारी नीट लागली असेल तर त्या तारेतून वरचे स्वर भरपूर उमटतात, आणि मूळ स्वर गाळला तरी कानाला खर्ज जाणवत राहतो. संथ रक्ताला अशी जवारी नसते. सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकणारं रक्त एकदा फिल्टरखाली गेलं की स्क्रीनवर आणि स्पीकरमध्ये त्याची कसलीही खूण उरत नाही. आलेख स्वच्छ दिसतो, आणि धोका त्या स्वच्छपणातच आहे.

हर्ट्झचे सेंटीमीटर करून बघा

स्क्रीनच्या कडेला 'डब्ल्यूएफ' किंवा 'फिल्टर' असं लिहिलेलं असतं आणि पुढे ५०, १००, २०० असा आकडा असतो. काही मशीन आकडा दाखवत नाहीत. लो, मीडियम, हाय किंवा १, २, ३ असे टप्पेच देतात. तुमच्या मशीनवर टप्पे असतील तर त्यांचे हर्ट्झ माहितीपुस्तिकेत शोधा, नाहीतर कंपनीच्या अॅप्लिकेशनवाल्या माणसाला विचारून कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

आता हा आकडा वेगात बदलू. फिल्टरच्या हर्ट्झना १५४० ने गुणायचं. १५४० हा शरीरातल्या ध्वनीचा वेग, मीटर दर सेकंदाला. मग डॉप्लर फ्रिक्वेन्सीची दुप्पट आणि अँगलचा कोसाइन यांच्या गुणाकाराने भागायचं. डॉप्लर फ्रिक्वेन्सी ३ मेगाहर्ट्झ, अँगल ६० अंश, फिल्टर १०० हर्ट्झ धरला तर उत्तर येतं सेकंदाला ५.१ सेंटीमीटर. त्याहून सावकाश वाहणारं सगळं रक्त तुमच्या आलेखातून गेलं. फिल्टर ५० केला तर ही मर्यादा २.६ वर येते. ४०० केला तर २० च्या वर जाते.

यात एक गोष्ट नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. फिल्टर १०० वरच ठेवून अँगल ६० वरून शून्याच्या जवळ आणला, तरी मर्यादा ५.१ वरून २.६ वर येते. म्हणजे तोच फिल्टर वाकड्या अँगलला दुप्पट रक्त खातो. संथ प्रवाह शोधताना बटणाइतकाच प्रोबचा कलही महत्त्वाचा असतो. प्रोबची फ्रिक्वेन्सी वाढली तरी मर्यादा खाली येते: ५ मेगाहर्ट्झला, ६० अंशांवर, १०० हर्ट्झ म्हणजे ३.१ सेंटीमीटर. खोलवर बघायचं असेल तर ही सोय मिळत नाही, कारण जास्त फ्रिक्वेन्सीचा ध्वनी तितका खोल जात नाही.

हा हिशोब आपल्या मशीनवर, आपल्या नेहमीच्या प्रोबसाठी एकदा वहीत करून ठेवा. एकदा केलात की १०० हा आकडा तुम्हाला नुसता आकडा वाटणार नाही.

पहिला हात मानेवर बसवा

सराव गरोदर बाईवर करू नका. गर्भावर पल्स्ड डॉप्लर लागेल तेवढाच आणि लागेल तेवढा वेळच लावायचा असतो. बटणं फिरवून बघायची ती जागा नव्हे. दुपारी ओपीडी ओसरली की सोबतच्या निवासी डॉक्टरला टेबलावर झोपवा आणि मानेतली कॉमन कॅरोटिड धमनी घ्या.

लिनियर प्रोब, वाहिनी लांबीत दिसेल अशी. सॅम्पल गेट, म्हणजे जिथला वेग मोजायचा ती छोटी खिडकी, वाहिनीच्या मधोमध ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. अँगल ६० किंवा त्याखाली. स्केल असं लावा की लाट उपलब्ध उंचीचा साधारण दोन तृतीयांश भाग व्यापेल. गेन वाढवत न्या, पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके दिसू लागले की किंचित मागे घ्या. फिल्टरची पाळी यानंतर येते. आधी फिल्टर आणि मग बाकीचं, असा क्रम केलात तर गेनमुळे झालेला गोंधळ फिल्टरने झाकला जातो आणि दोन्ही चुका एकमेकींच्या आड लपतात.

आता फिल्टर सगळ्यात खाली आणा आणि आवाज मोठा करा. बेसलाइनला चिकटून पांढरेशुभ्र जाड ठसे उमटतील, प्रत्येक ठोक्याला एक, आणि प्रत्येकाबरोबर स्पीकरमधून धप असा आवाज येईल. ती भिंत आहे. एकेक टप्पा वर चढा. ठसे बारीक होतील, धप मऊ होईल, आणि एका टप्प्यावर ते जाऊन त्यांच्या जागी काळी पट्टी येईल. तिथे थांबा आणि एक टप्पा खाली उतरा. ठशांचा थोडासा अंश राहिलेला चालतो. मला तर तो असलेलाच बरा वाटतो, कारण आपण गरजेपेक्षा जास्त पुसलेलं नाही याची ती खूण असते.

मग मुद्दाम चूक करा. फिल्टर २००, ३००, ४०० असा चढवत न्या. कॉमन कॅरोटिडमध्ये डायस्टोलच्या, म्हणजे हृदय सैल पडून भरतं त्या काळाच्या, शेवटीही बऱ्यापैकी प्रवाह असतो, त्यामुळे तिची लाट बराच वेळ तग धरेल. आता गेट शेजारच्या जुग्युलर व्हेनमध्ये सरकवा. तोच माणूस, तोच प्रोब, तोच फिल्टर, आणि शीर तुटक तुटक दिसते किंवा दिसतच नाही. दोन मिनिटांपूर्वी बी-मोडमध्ये, म्हणजे साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात, ती नीट दाबली जात होती, भरलेली होती. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ठसे फार असतील तर फिल्टर वाढवण्याआधी कारण शोधा. गेट मोठा होऊन भिंतीला लागतोय का? तुमचा हात हलतोय का? माणूस बोलतोय, गिळतोय, जोरात श्वास घेतोय का? "काका, जरा श्वास धरा" एवढं म्हटल्याने निम्मे ठसे जातात आणि रक्तातलं काहीच हरवत नाही.

नाळेची धमनी

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाची रात्र. ३३ आठवड्यांची बाई, बाळाची वाढ कमी, पाणी कमी. पडद्याबाहेर सासू पिशवी घेऊन उभी. नाळेच्या धमनीचा डॉप्लर लावला तर प्रत्येक लाटेनंतर काळी जागा. मी केसपेपरवर लिहिलं, एंड डायस्टोलिक प्रवाह नाही. लेबर रूमला फोन केला, सिझेरियनची तयारी सुरू झाली. वरिष्ठ सर आले. त्यांनी प्रोब हातात घेतला नाही. "तू हलू नकोस," एवढंच म्हणाले, आणि चालू आलेखावर फिल्टर २०० वरून ५० वर आणला. काळी पट्टी मिटत गेली आणि तिच्या जागी, बेसलाइनच्या थोडं वर, डायस्टोलचा फिकट पण सलग पट्टा दिसू लागला. "अगं, होतं ते. पुसलेलं होतं."

आधीच्या कुठल्या तरी तपासणीसाठी वाढवलेला फिल्टर तसाच राहिला होता आणि मी आकड्याकडे बघितलं नव्हतं. ३ मेगाहर्ट्झ, ४५ अंश आणि २०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७.३ सेंटीमीटर. त्या धमनीत डायस्टोलच्या शेवटी सुमारे ५ सेंटीमीटरचा प्रवाह होता. ५० हर्ट्झला मर्यादा १.८ वर आली आणि तो दिसला. बाळाचा डॉप्लर चांगला होता असं नव्हे. सिस्टोलचा (हृदय आकुंचन पावतानाचा) वेग ४५ आणि डायस्टोलचा ५ धरला तर रेझिस्टन्स इंडेक्स, म्हणजे दोन्हींतला फरक भागिले सिस्टोल, ०.८९ येतो, म्हणजे वार नीट काम करत नव्हती. पण 'कमी' आणि 'नाही' यांच्यात बाळाचे पोटातले दिवस असतात. त्या रात्रीचं सिझेरियन थांबलं, बाईला दाखल ठेवून पुढचे डॉप्लर होत राहिले.

त्यामुळे गर्भाच्या डॉप्लरसाठी फिल्टर मशीनवर जमेल तितका खाली ठेवायचा, ५० ते ६० हर्ट्झ किंवा त्याखाली. प्रसूतिशास्त्रातल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

खरा अभाव आणि फिल्टरने केलेला अभाव डोळ्यांनी ओळखता येतो. लाटेची उतरती शेपूट नीट बघा. प्रवाह खरोखर थांबत असेल तर शेपूट उतरत उतरत बेसलाइनला येऊन टेकते. फिल्टरने खाल्लेली असेल तर ती बेसलाइनच्या वर अधांतरी संपते, आणि प्रत्येक लाटेत त्याच उंचीवर, कात्रीने कापल्यासारखी. काळी पट्टी बेसलाइनच्या दोन्ही अंगांना सारखी असते, हीही खूण. नाळेची शीर त्याच गेटमध्ये आली असेल तर बेसलाइनच्या दुसऱ्या बाजूला तिचा पट्टाही बेसलाइनपासून तेवढाच सुटलेला दिसेल.

यानंतरही अभावच दिसत असेल तर घाई करू नका. अँगल कमी करा. बाळ श्वासाची हालचाल करत असेल तर थांबा, हलत असेल तर थांबा. नाळेचा दुसरा, मोकळा तरंगणारा भाग घेऊन पुन्हा बघा. सलग सारख्या लाटा मिळाल्या, फिल्टर तळाला आहे, अँगल बरा आहे, आणि तरीही शेपूट बेसलाइनला टेकतेय, तेव्हा लिहा.

उलटा प्रवाह हाही असाच लपतो आणि ते जास्त वाईट. डायस्टोलमध्ये रक्त सेकंदाला तीन-चार सेंटीमीटरने मागे वळत असेल तर मोठ्या फिल्टरवर तुम्हाला नुसता अभाव दिसेल, आणि तातडी असलेली केस उद्यावर जाईल. गर्भाच्या यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या डक्टस व्हेनोससमधल्या ए वेव्हचंही, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावताना उमटणाऱ्या लाटेचंही, तसंच. ती लाट मुळातच बेसलाइनच्या जवळ येते. ती बेसलाइनच्या वर राहते, टेकते की खाली जाते, यावरच सगळा अर्थ ठरतो, आणि फिल्टरची पट्टी नेमकी तेवढीच जागा झाकते. तिथे ५० ते ७० हर्ट्झच्या वर जाऊ नका.

गरोदर स्त्रीची सोनोग्राफी कायद्याने ठरवलेली पात्रता आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच, नोंदणीकृत केंद्रात आणि फॉर्म एफ भरूनच करायची, गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार. शिकाऊ डॉक्टरनेही याला अपवाद समजू नये.

जिथे रक्त मुळातच संथ आहे

तालमीतून थेट आलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, एका बाजूच्या अंडकोषात अचानक कळ, उलट्या. टॉर्शनची, म्हणजे अंडकोषाला पीळ पडल्याची, शंका. इथे वेळ तासांत मोजायचा असतो. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत पीळ सुटला तर अंडकोष वाचण्याची शक्यता सगळ्यात चांगली. आधी न दुखणाऱ्या बाजूला प्रोब ठेवा. स्केल खाली, फिल्टर तळाला, आणि आतले बारीक प्रवाह दिसेपर्यंत गेन वर. त्या सेटिंगला अजिबात हात न लावता दुखऱ्या बाजूला जा. चांगल्या बाजूलाच प्रवाह दिसत नसेल तर दुखऱ्या बाजूबद्दल तुम्हाला काही म्हणायचा अधिकार नाही. आणि अर्धवट पीळ असेल तर थोडा प्रवाह राहू शकतो, म्हणून लक्षणं ठाम असतील तर डॉप्लरसाठी सर्जनला ताटकळत ठेवू नका.

मानेतली इंटर्नल कॅरोटिड 'पूर्ण बंद' लिहिण्याआधीही हेच. धाग्याएवढी वाट उरलेली असेल तर तिच्यातलं रक्त फार संथ असतं. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, पूर्ण बंद असलेल्याला सहसा नाही. फिल्टर आणि स्केल दोन्ही तळाला नेऊन, मंद प्रवाहही टिपणारा पॉवर डॉप्लर लावून, अँगल बदलून बघा. लिव्हर सिऱ्हॉसिसमधली पोर्टल व्हेन कलर डॉप्लरमध्ये (प्रवाह चित्रावर रंगाने दाखवतात त्यात) रंगाने भरली नाही म्हणून लगेच गुठळी म्हणू नका. पायाच्या शिरांमध्ये तर रंगापेक्षा दाबून बघण्यावर भरवसा ठेवा. शीर प्रोबखाली पूर्ण मिटत असेल तर तिथे गुठळी नाही.

हृदयाचं गणित उलटं

इकोमध्ये झडपा आणि भिंती मोठ्याने वाजतात आणि शोधायचा प्रवाह वेगवान असतो. तिथे २०० हर्ट्झच्या वरचे फिल्टर सर्रास चालतात, अरुंद झडपेतल्या जेटसाठी त्याहून बरेच मोठे. त्यामुळे इको आणि गर्भाची तपासणी एकाच मशीनवर होत असेल तर प्रीसेट बदलायला विसरू नका. टिश्यू डॉप्लरमध्ये तर रक्त गाळून टाकतात आणि भिंतीचा संथ, मोठा प्रतिध्वनीच मोजतात. इतका वेळ जे आपण कचरा म्हणून फेकत होतो तीच तिथे माहिती असते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फिल्टरकडे बघायची नजरच बदलली होती.

रंगाचा फिल्टर वेगळा असतो

कलर डॉप्लरचा फिल्टर आणि आलेखाचा फिल्टर ही दोन वेगळी बटणं आहेत. एक कमी केलं म्हणून दुसरं कमी होत नाही. बहुतेक मशीनवर रंगाचा फिल्टर स्केलला बांधलेला असतो: स्केल वाढवला की तोही आपोआप चढतो. शिरेत रंग भरत नाही म्हणून गेन वाढवत बसण्याआधी स्केल खाली आणा, फिल्टर त्याच्याबरोबर उतरेल. उलट, लिव्हरच्या डाव्या भागात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रंगाचे भपके उठत असतील तर तिथे फिल्टर एखादा टप्पा वाढवणं योग्यच आहे. आधी श्वास धरायला सांगून बघा, मग वाढवा.

रोज सकाळी

मशीन सुरू केल्यावर, पहिला रुग्ण आत घेण्याआधी, तुम्ही वापरता ते प्रीसेट एकेक उघडून फिल्टरचा आकडा वाचा. गर्भाचा प्रीसेट ५० च्या आसपास आहे ना, अंडकोषाचा तळाला आहे ना. सर्व्हिसचा माणूस येऊन गेला असेल किंवा सॉफ्टवेअर नवं टाकलं असेल त्या दिवशी हे नक्कीच करा, कारण आपण जपून ठेवलेले आकडे अशा वेळी मूळपदावर जातात. आणि प्रवाह नाही किंवा उलटा आहे असा शेरा देताना फ्रीज केलेल्या चित्रावर फिल्टरचा आकडा, स्केल आणि अँगल दिसत असल्याची खात्री करून मगच प्रिंट काढा. पुढच्या हॉस्पिटलमधला डॉक्टर तुमचा शेरा वाचण्याआधी तो आकडा वाचेल.